इंग्रजीतील ‘लेट’ हे विशेषण: ‘उशीर’ कोणता आणि ‘दिवंगत’ कोणते?

प्रश्न

आमच्या गावच्या वाचनालयाच्या स्मरणिकेचा इंग्रजी मजकूर मी तयार करीत आहे. ज्या अध्यक्षांच्या पुढाकाराने 2009 साली नवी इमारत उभी राहिली ते आता हयात नाहीत, म्हणून ‘लेट श्री अमुक यांनी इमारत बांधली’ अशा अर्थाचे वाक्य मी लिहिले. मजकूर तपासणाऱ्या शिक्षिकांनी त्यावर दोन हरकती घेतल्या. ‘लेट’च्या आधी ‘द’ हवे ही पहिली मला समजली; परंतु इमारत त्यांनी निधनानंतर बांधल्यासारखे वाटते, ही दुसरी पटली नाही. शिवाय ‘ही इज लेट’ म्हटले की उशीर झाल्याचाच बोध होतो. मग कोठे कोणता अर्थ घ्यायचा, हे कशावरून ठरते?

पहिले उत्तर

बहुतेक वेळा ते शब्दाच्या जागेवरून ठरते. व्यक्तिवाचक नामाच्या लगेच आधी ‘लेट’ आले आणि त्याच्याही आधी ‘द’, ‘माय’, ‘हिज’ यांपैकी काही असले, तर अर्थ ‘दिवंगत’ असा होतो, जसे ‘माय लेट फादर’. तेच विशेषण क्रियापदानंतर गेले, की ‘माय फादर इज लेट’ म्हणजे वडिलांना यायला उशीर झाला आहे. (दक्षिण आफ्रिका आणि बोट्स्वाना येथील इंग्रजीत मात्र याच रचनेने निधनाची वार्ता सांगतात.) निर्जीव गोष्टींबाबत असा घोटाळा होत नाही; ‘अ लेट लंच’ हे उशिराचे जेवणच असते.

‘लेट श्री’ ही रचना आपण ‘कै.’ या उपपदाच्या धर्तीवर वापरतो आणि आपल्याकडील अर्ज, दाखले, निमंत्रणपत्रिका यांत ती इतकी रुळली आहे, की तिला चूक ठरवणे मला योग्य वाटत नाही. परदेशी वाचकांपर्यंत जाणाऱ्या मजकुरात मात्र ‘द लेट मिस्टर’ असेच लिहावे.

दुसरे उत्तर

शिक्षिकांची दुसरी हरकतही रास्त आहे. व्यक्तीने हयातीत केलेल्या कृतीचा कर्ता म्हणून ‘द लेट अमुक’ लिहू नये, असा संकेत इंग्रजी वृत्तलेखनात पाळला जातो. डॉ. अब्दुल कलाम 2002 ते 2007 या काळात राष्ट्रपती होते आणि जुलै 2015 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या 2010 मधील एखाद्या भाषणाविषयी लिहिताना नुसते ‘डॉ. कलाम’ लिहावे आणि निधनाचा उल्लेख आवश्यकच असेल, तर ‘हू डाइड इन 2015’ असे जोडवाक्य द्यावे. आज त्यांच्या आठवणींविषयी किंवा ग्रंथसंग्रहाविषयी लिहायचे असेल, तर ‘द लेट डॉ. कलाम’ चपखल बसते. आपल्या अध्यक्षांचेही तसेच करावे: इमारतीच्या वाक्यात नुसते नाव द्यावे आणि त्यांच्या कुटुंबीयांचे आभार मानताना ‘द लेट’ वापरावे.

किती वर्षांपूर्वीच्या व्यक्तीपर्यंत ‘लेट’ चालते, याला ठरीव मर्यादा नाही. परंतु लोकमान्य टिळकांसारख्या इतिहासात स्थिरावलेल्या व्यक्तींच्या नावाला ते कोणी लावत नाही.

प्रश्नकर्ता

आता उलगडा झाला. त्याच स्मरणिकेत ‘लेट नाइन्टीन-एटीज’ असा शब्दप्रयोग आहे, तो योग्य आहे का?

पहिले उत्तर देणारे

योग्य आहे. तेथे ‘लेट’ म्हणजे कालखंडाचा अखेरचा भाग, साधारणपणे 1987 ते 1989. ‘इन हर लेट थर्टीज’ म्हणजे सदतीस ते एकोणचाळीस या वयाची स्त्री. जाता जाता, ‘लेटली’ हा शब्दही तपासून घ्यावा. त्याचा अर्थ ‘अलीकडे’ असा आहे. ‘उशिरा’ या अर्थी क्रियाविशेषणही ‘लेट’च असते, त्यामुळे उशिरा आलो हे ‘आय केम लेटली’ असे सांगता येत नाही. तसेच एखाद्या हयात लेखकाचे नवे पुस्तक ‘लेटेस्ट’ म्हणावे, कारण ‘लास्ट’ म्हटल्यास ते त्याचे अखेरचे पुस्तक असा समज होऊ शकतो.