श्रीलंकेच्या सहलीसाठी मदत हवी आहे: कोणती स्थळे, कोणता किनारा?

नमस्कार. फेब्रुवारीत आई-वडिलांसह आठवडाभरासाठी श्रीलंकेला जायचे ठरले आहे. अजिंठ्यावर मनापासून प्रेम करणाऱ्या वडिलांना सिगिरिया या उंच कातळावरच्या प्राचीन किल्ल्यातील पाचव्या शतकातील, कश्यप राजाच्या काळातील भित्तिचित्रे पाहायचीच आहेत. परंतु माथ्यापर्यंत सुमारे १,२०० पायऱ्या आहेत आणि चित्रांच्या कपारीकडे अरुंद, लोखंडी गोल जिन्याने जावे लागते, त्यामुळे गुडघेदुखी असलेल्या आईला खालच्या जलोद्यानात थांबवणे बरे वाटते. तिथे बसण्यासाठी पुरेशी सावली आहे का? दांबुल्लाच्या लेण्यांनाही चढ असल्यामुळे त्याऐवजी पोलोन्नरुवा हे प्राचीन शहर निवडावे, असे माझे मत आहे, कारण तिथल्या गल विहारातील एकाच कातळात कोरलेल्या भव्य बुद्धमूर्ती सपाटीवरून चालत जाऊन निवांत पाहता येतात. कँडीचे दंतमंदिर (बुद्धांचा दात जिथे जपला आहे ते मंदिर) वाटेत होईलच.

पूर्व किनाऱ्यावरील त्रिंकोमालीजवळच्या निलावेलीचा हंगाम साधारण एप्रिलनंतरचा असल्याने फेब्रुवारीत दक्षिण किनाराच योग्य ठरेल. उनावटुना गॉलच्या डच किल्ल्याजवळ आहे, तर मिरिसाहून देवमासे पाहायला बोटी निघतात. मात्र पहाटेचा तो लांबचा समुद्रप्रवास ज्येष्ठांना झेपतो का, आणि शांतपणे पाण्यात उतरण्यासाठी यांपैकी कोणता किनारा अधिक सुरक्षित आहे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.