शब्दचर्चा : समष्टी, जीवसंख्या की लोकसंख्या? आणि समुदाय म्हणजे नक्की काय?

वाशिष्ठीकाठ :
भाची दहावीला आहे, गुहागरला. तिने जीवशास्त्राच्या उत्तरात बांगडा माशाबद्दल "बांगड्यांची लोकसंख्या" असं लिहिलं आणि सरांनी लाल रेघ मारली पण बरोबर शब्द काही सांगितला नाही. पॉप्युलेशनला एका गाईडात जीवसंख्या आहे, दुसरीकडे समष्टी. त्यात समुदाय म्हणजे एका जागी एकत्र असणाऱ्या वेगवेगळ्या जाती, ही व्याख्या वाचून ती मला विचारते, मग मासळीबाजारातली माशांची टोपली म्हणजे पाटी, ती समुदाय का? मला उत्तर देता आलं नाही.

सड्यावरून :
ताई, लोकसंख्येत लोक आहेत म्हणून तो शब्द माणसांपुरताच. जीवसंख्या चालतो पण मला खटकतो, शेवटी संख्या आली की मुलं आकडा लिहून मोकळी होतात. पॉप्युलेशन म्हणजे आकडा नव्हे, ते जीव स्वतः, एकाच जातीचे, एका भागात एका काळात राहणारे आणि आपसात वीण होणारे. त्यांची घनता असते, त्यात पिल्लं जन्मतात, काही मरतात, काही बाहेरून येतात, काही निघून जातात आणि या चार गोष्टींवर ती वाढते किंवा घटते. म्हणून समष्टीच लिहायला सांगा. एकटा बांगडा ती व्यष्टी, सगळे मिळून समष्टी, ही जोडी मराठीत आधीपासून आहे.

तांडेलाचा नातू :
पाटीचा प्रश्न एकदम झकास विचारलाय पोरीने! आमच्याकडे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली की वाळूवर बांगडे, तारली, सुंगटां (कोळंबी), एखादी कुर्ली (खेकडा) असा ढीग पडतो. त्यातले बांगडे म्हणजे अख्खी समष्टी नाही, फक्त नमुना, बाकीचे समुद्रातच आहेत. आणि ढीग म्हणजे समुदाय पण नाही कारण तारली पाण्यात तरंगणाऱ्या ज्या बारीक जिवांवर, प्लवकांवर जगते ते जाळ्याच्या आसातून कधीच निसटले आणि ढिगात आता कोण कोणाला खात नाही, कोण कोणाची जागा बळकावत नाही.

समुदाय बघायचा तर ओहोटीला खडपावर, किनाऱ्यावरच्या खडकांवर जा. एका हाताएवढ्या जागेत कालवं, त्यांच्या शिंपल्यांवरच चिकटलेले बार्नेकल नावाचे बारके कवचधारी जीव, फटीत बारकी चिंबोरी, वर हिरवं शेवाळ, ते खरवडून खाणाऱ्या गोगलगायी. मधेच एखादं कालव रिकामं सापडतं आणि शिंपल्याला टाचणीने पाडल्यासारखं गोल भोक असतं, ते शिकारी गोगलगाईचं काम. हे सगळं धरून समुदाय, शेवाळ आणि डोळ्यांना न दिसणारे जिवाणू सुद्धा. खडक, खारं पाणी, ऊन हे हिशोबात घेतलं की मग परिसंस्था.

सड्यावरून :
कालवांचं नाव काढलंत म्हणून सांगतो, ही कल्पनाच कालवांवरून आली. कार्ल म्योबियस हा जर्मन प्राणिशास्त्रज्ञ उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावरचे कालवांचे थर अभ्यासत होता, तिथे एकत्र नांदणाऱ्या सगळ्या जिवांसाठी त्याने 1877 साली बायोसिनोसिस हा शब्द घडवला. जैवसमुदाय म्हणतो तो हाच. एका जातीला जास्त ओरबाडलं की तिच्या शेजारच्यांचं गणितही बदलतं हे त्याला तिथेच दिसलं.

वाशिष्ठीकाठ :
दोघांचेही मनापासून आभार. आता एक शंका, आमच्या खाडीतलं कांदळवन. नावात कांदळ एकटाच पण आत तिवराची, चिप्पीची झाडं आहेत, चिखलात निवट्या मासे उड्या मारतात. म्हणजे कांदळांची समष्टी वेगळी आणि कांदळवन हा समुदाय, असं तिला सांगितलं तर बरोबर ना?

तांडेलाचा नातू :
शंभर टक्के ताई. फक्त चिखल आणि भरतीचं पाणी त्यात धरू नको म्हणावं.