मदत हवी आहे: पावसाळ्यातली टेकडी रंगवताना सगळं हिरवंगार लोणचं होतंय

नमस्कार मंडळी, मी पुण्यात वेताळ टेकडीवर रोज सकाळी फिरायला जाते आणि उन्हाळ्यापासून पिशवीत छोटी स्केचबुक न जलरंगांचा डबा पण घेऊन जातेय. उन्हाळ्यात मस्त जमत होतं, वाळकं गवत, खाणीचा काळा कातळ, यलो ऑकर न बर्न्ट सिएना या मातकट पिवळ्या-तपकिरी रंगांत काम भागायचं. आता पाऊस सुरू झाला आणि सगळी पंचाईत!

एक तर हवेत इतका दमटपणा असतो की पहिला वॉश (पातळ रंगाचा थर) वीस मिनिटं झाली तरी ओलाच, मग घाईघाईत वरून झाड काढायला गेलं की रंग पसरून कोबीच्या गड्ड्यासारखे डाग पडतात. कागद २०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला २०० ग्रॅम) आहे, तो पापडासारखा वाकतो ते वेगळंच. ३०० जीएसएमचा कॉटन कागद घेऊन खरंच फरक पडतो का, की उगाच खर्च?

दुसरं म्हणजे हिरवा. ट्यूबमधला तयार विरिडियन हिरवा लावला की गिरिपुष्पाची झाडं प्लॅस्टिकची वाटतात. अल्ट्रामरीन निळ्यामध्ये गॅम्बोज पिवळा मिसळून बघितला, जरा बरा आला, पण लांबची सिंहगडाकडची धुक्यातली रांग आणि पायाजवळचं गवत दोन्ही एकाच अंतरावर दिसतात. लांबच्या हिरव्यात तुम्ही काय घालता, थोडा लाल की नुसतं पाणी वाढवता?

की पावसाळ्यात जागेवर फक्त पेन्सिलीने काढून घरी येऊन रंगवावं? फोटोवरून केलं की मला मजाच येत नाही हो.