घरच्या माणसाची काळजी घ्यायला कुठे शिकलात? (अनुभव धागा)

सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला. रुग्णालयातून घरी सोडताना आमच्या हातात औषधांची चिठ्ठी, पुढची तारीख आणि बिल पडलं. त्यांना पलंगावरून खुर्चीत बसवायचं कसं, हे कुणी दाखवलं नाही. ते आम्ही शिकलो आमच्या भागातल्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये. एक फिजिओथेरपिस्ट ताई शनिवारी तिथे घरच्यांसाठी वर्ग घेतात. खुर्ची नेहमी चांगल्या बाजूला, पलंगाला तिरकी लावायची. चाकं असतील तर आधी ब्रेक. आपण वाकायचं ते गुडघ्यात, कंबरेत नाही. लुळ्या हाताला धरून कधीच ओढायचं नाही, खांदा सांध्यातून सरकतो. ताईंनी हे प्रत्येकाकडून करून घेतलं, आळीपाळीने आम्हीच पेशंट झालो. घरी येऊन मी सासूबाईंना, नवऱ्याला आणि कामाच्या मावशींना तेच दाखवलं.

असे वर्ग, गट, शिबिरं, हेल्पलाइन आपल्याकडे आहेत. पुण्याचं ‘पालकनीती’सारखं मासिक तर 1987 पासून पालकांसाठी निघतंय. पण ज्याला गरज असते त्याला नेमका पत्ता लागत नाही. डॉक्टरांना सांगायला वेळ नसतो. घरचा माणूस विचारायला कचरतो, कारण आपल्याच आईचं करायला शिकायचं काय, असं त्याला वाटतं. शिकायचं असतं, आणि शिकलं की घरातल्या सगळ्यांचेच हाल कमी होतात, हे मी पाहिलंय. म्हणून हा धागा. आईवडील, आजीआजोबा, सुना, मुलगे, जोडीदार, जे कुणी घरात कुणाचं तरी करत आहेत त्यांनी लिहा. कुठे शिकलात, नेमकं काय शिकलात, घरी काय बदललं? संस्था चांगली वाटली तर नाव जरूर द्या. तक्रार असेल तर नाव न घेता लिहा. औषधोपचाराचं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

एडिसनची आजी

लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला आले. तिच्या हॉस्पिटलात आजीआजोबांसाठी वेगळा वर्ग असतो. मी आनंदाने गेले, कारण बाळाच्या नियमांवरून माझ्यात आणि लेकीत कुरबुर व्हायला लागली होती आणि मला ती नको होती.

पहिला विषय झोप. बाळाला उताणंच निजवायचं, स्वतंत्र पाळण्यात, टणक गादीवर. उशी, दुलई, मऊ खेळणी काही ठेवायचं नाही. मी राईची उशी शिवून नेली होती, जुन्या मऊ लुगड्याची, डोकं गोल व्हावं म्हणून. ती नर्सबाईंना दाखवली. त्यांनी ती हातात घेऊन नीट पाहिली आणि मग समजावलं. बाळांना पालथं निजवू नका असं तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1992 मध्ये सांगितलं, 1994 पासून देशभर मोहीम निघाली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. उशीत बाळाचं नाक दबलं तर त्याला मान वळवून सुटता येत नाही. डोकं चपटं होऊ नये म्हणून बाळ जागं असताना, आपल्या डोळ्यांसमोर, त्याला थोडा वेळ पोटावर ठेवायचं.

मध चाटवायची आमच्याकडे रीत. वर्षाच्या आत मध अजिबात नाही, कारण त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बाळाच्या आतड्यात विष तयार होऊ शकतं. घास अडकला तर बाळाला पालथं करून पाठीवर 5 थापा, मग उताणं करून छातीवर 5 दाब, हे बाहुलीवर करून घेतलं. आम्ही पायांवर घेऊन बाळाला न्हाऊ कसं घालतो ते मग मी त्याच बाहुलीवर दाखवलं. शेजारच्या चिनी आजी पुढे येऊन बघत होत्या. नर्सबाई म्हणाल्या, मालीश करा, गाणी म्हणा, ते सगळं हवंच आहे.

घरी आल्यावर कुरबुर थांबली. उताणं निजवायचं हा नियम आता लेकीचाही नव्हता आणि माझाही नव्हता, तो हॉस्पिटलचा होता.

सातारकर सून

एडिसनच्या आजी, तुमचा अनुभव सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. राईच्या उशीपाशी त्या थांबल्या आणि दोनदा वाचायला लावलं. असा आजीआजोबांचा वर्ग इथे कुठे असतो का?

पाड्यावरची आशा

सातारकर ताई, आमच्याकडे तो वर्ग घरातच भरतो. मी आशा म्हणजे गावपातळीची आरोग्य कार्यकर्ती आहे, मोखाड्याकडे काम करते. दवाखान्यात बाळंतपण झालं तर 42 दिवसांत 6 भेटी, घरी झालं तर 7. पुढे 3, 6, 9, 12 आणि 15 महिन्यांना परत जायचं. तुमच्या गावातल्या आशालाही हेच काम आहे, तिला हक्काने बोलवा. घरी जाऊन नवजात बाळाला कसं सांभाळायचं ते गावातल्या बायकांनाच शिकवता येतं, हे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने करून दाखवलं. 1999 मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि 2011 पासून देशभरच्या आशांकडे हे काम आलं.

घरात शिरले की मी आधी आजीजवळ बसते. बाळाला पहिली अंघोळ कधी, चीक पाजायचा की पिळून टाकायचा, हे तीच ठरवते. तिला वगळून सुनेला सांगितलं तर माझी पाठ वळल्यावर आजीचंच चालतं, आणि सून मध्ये सापडते. म्हणून बाळाचं वजन करताना काटा आजीच्या हातात देते. श्वास मोजायला पण तिलाच बसवते. बाळ शांत असताना त्याचं पोट वरखाली होतं ते पूर्ण एक मिनिट बघायचं. घड्याळ मी धरते. आजीने दहा श्वासांना एक खडा बाजूला टाकायचा. सहा खडे झाले की परत मोजायचं, परत सहा झाले की गाडी बोलवायची. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला 60 किंवा जास्त श्वास म्हणजे थांबायचं नाही. अशीच एक आजी भर पावसात नातवाला घेऊन माझ्या दारात आली, मूठ उघडून तिने खडे दाखवले. पोरगं आता अंगणवाडीत आहे.

वारज्याला राहिलेला मुलगा

बाबांना गालाचा कॅन्सर होता. इलाज संपले असं सांगितल्यावर आम्ही पुण्यात वारज्याच्या सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटरमध्ये गेलो. ते 1997 पासून चालू आहे. कॅन्सरच्या पेशंटला तिथे पैसे पडत नाहीत आणि घरचं एक माणूस सोबत राहतं, कारण शिकवायचं असतं त्यालाच.

नाकातल्या नळीतून भरवताना पेशंटला अर्धवट बसतं करायचं आणि नंतरही बराच वेळ तसंच ठेवायचं, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जातं. भरवण्याआधी आणि नंतर नळीत पाणी सोडायचं. पेज दोनदा गाळायची, एक कण अडकला तरी नळी तुंबते. अंथरुणावरच असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, आणि बदलताना माकडहाड, टाचा, घोटे रोज उजेडात बघायचे. कातडी लाल दिसली आणि बोटाने दाबूनही पांढरी पडली नाही, तर ती जखमेची सुरुवात.

सगळ्यात मोठं शिक्षण दुखण्याच्या औषधाचं. मॉर्फिनची आम्हाला धास्ती होती. तिथल्या सिस्टरनी सांगितलं, कळ यायची वाट बघायची नाही, घड्याळाप्रमाणे द्यायचं, आणि त्याने मलावरोध होतो म्हणून त्याचंही औषध सोबत हवं. गालाच्या जखमेला वास यायचा, म्हणून बाबा नातवंडांना जवळ येऊ देत नसत. डॉक्टरांनी जखमेवर टाकायला एका गोळीची पूड लिहून दिली, ड्रेसिंग कसं करायचं ते माझ्याकडून रोज करून घेतलं. वास गेला. घरी परतल्यावर माझी पोरगी त्यांच्या पलंगावर बसून चित्रं काढायची. शेवटचे दिवस बाबांना तिच्याजवळ काढता आले, हे त्या शिकवण्यामुळे झालं.

नाव नको

नवऱ्याला दारूसाठी पुण्याच्या मुक्तांगणमध्ये ठेवलं होतं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये सुरू केलेलं. उपचार त्याच्यावर होतील एवढंच मला माहीत होतं. तिथे बायकांसाठी सहचरी गट आहे. पहिल्या बैठकीत एक ताई बोलत होत्या आणि मला वाटलं माझंच घर सांगतायत. ऑफिसला फोन करून “त्यांना ताप आहे” सांगणं, वाण्याची उधारी भागवणं, सासरी कळू नये म्हणून सणावाराला काहीतरी कारण काढणं. त्या खोलीतल्या प्रत्येकीने हे केलेलं. घर सावरायला म्हणून आम्ही जे करतो त्याने त्याला पिणं सोपं जातं, हे तिथे समजलं. आणि दारू आजार आहे, तो माझ्यामुळे झालेला नाही, हेही.

गटात आम्ही वाक्यं पाठ केली. उधारी मागायला आलेल्याला मी आता सांगते, “ती त्यांची आहे, त्यांच्याकडेच मागा.” पहिल्यांदा म्हणाले तेव्हा हात कापत होते. मुलांना काय सांगायचं तेही तिथेच शिकले, त्यांच्या वयाला झेपेल एवढं, पण खरं. नवरा सध्या पीत नाही. उद्याचं मी बोलत नाही. बैठकीला मात्र जाते.

गुरुजी, बीड जिल्हा

आमच्या शाळेत दिवाळीनंतर पालकसभेला पालक नसतात. ते उसाच्या फडावर, पार कर्नाटकापर्यंत. मुलं आजीआजोबांकडे, त्यांना हंगामी वसतिगृह योजनेतून जेवण मिळतं. मग सभा आजीआजोबांचीच घेतो, सकाळी, उन्हं चढायच्या आत. पहिलीच्या वर्गासाठी ‘पहिले पाऊल’ उपक्रमात माता गटांना घरी करायच्या कृती दिल्या होत्या, त्याच आम्ही आजींना करून दाखवल्या. भाकरी थापताना नातवाला मोजायला लावा, शेंगा मोठ्या-लहान निवडायला लावा. “मला कुठं येतंय लिव्हायला,” म्हणणारी आजी दोन ढीग करून “यात जास्ती कुठं?” असं बरोबर विचारते. फडावरच्या आईला फोन लावून पोराला मोजून दाखवायला लावतात. या लोकांना पालक म्हणून मोजलं पाहिजे, सभेच्या वहीत त्यांचीच सही किंवा अंगठा घेतो.

म्हापशाची

आईला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे. संध्याकाळ झाली की पिशवी भरून “मला घरी जायचंय” सुरू. गोव्यात ‘संगथ’ संस्थेने गावातल्याच लोकांना शिकवून अशा घरांमध्ये पाठवलं होतं. त्याने पेशंटची देखभाल करणाऱ्यांच्या मनावरचा ताण हलका झाला, हा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झालाय. ते वाचून मी स्थानिक गट शोधला. तिथे शिकले की “हेच तुझं घर” असं पटवत बसायचं नाही. “तुझ्या घरी परसात काय काय होतं गं?” असं विचारायचं. आई फणसाच्या झाडापासून सुरू करते आणि पिशवी हातातून सुटते. दिवेलागणीच्या आधीच सगळे दिवे लावून ठेवते, सावल्या पडल्या की ती घाबरते.

नऊ वर्षांच्या मुलाची आई

मुलगा स्वमग्न आहे. अडीच वर्षांचा असताना अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला आलं. त्यांनी जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्रात पाठवलं, लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणारं केंद्र ते. तिथल्या थेरपिस्ट म्हणाल्या, माझ्याकडे हा आठवड्यात तासभर, बाकी तुमच्याकडे, म्हणून मी तुम्हालाच शिकवणार.

बिस्किटं पारदर्शक, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची. तो डबा आणून देईल तेव्हा लगेच उघडायचा नाही. खाली बसायचं, त्याच्या चेहऱ्यासमोर, “उघड” एवढाच शब्द म्हणायचा आणि थांबायचं. थांबणं फार अवघड असतं. आमचे सासरे तर त्याने मागायच्या आधीच बिस्किट हातात द्यायचे, प्रेमाने. त्यांनाही सत्राला नेलं. त्यांनी थेरपिस्टना खूप प्रश्न विचारले आणि घरी येऊन पुन्हा पुन्हा करून पाहिलं. पहिला “उघ” आजोबांसमोरच आला.

कागदपत्रांचं शिक्षण पालकांच्या गटाने दिलं, ते इथे मुद्दाम लिहिते. मूल 18 वर्षांचं झालं की आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांसाठी नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. त्याच ट्रस्टची ‘निरामय’ विमा योजना आहे, वर्षाला 1 लाखापर्यंत, त्यात थेरपीचाही खर्च बसतो.

बर्लिनहून

बाबांना पार्किन्सन्स आहे, नागपुरात आई एकटी त्यांचं करते. चालता चालता दारात पाय जमिनीला चिकटतात आणि आई ओढत बसते. तिने कुठे जावं?

पार्किन्सन्स मित्रमंडळ, पुणे (सभासद)

ओढू नका म्हणावं, तोल जातो. थांबायचं, श्वास घ्यायचा, मग “एक-दोन, एक-दोन” मोठ्याने म्हणत पाऊल उचलायचं. दाराशी जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावा, पट्टी ओलांडायची म्हटलं की पाय सुटतो. आमच्या मंडळात हे आम्ही एकमेकांकडून शिकलो. सभेत पेशंट आणि त्यांचं करणारे दोघंही असतात. गोळीची वेळ अर्धा तास चुकली तरी चालण्यावर परिणाम होतो, म्हणून मोबाइलला गजर लावून द्या. मंडळाशी संपर्क साधायला आईंना सांगा, पुण्याबाहेरचे लोकही आमच्याशी बोलतात.

धागाकर्ती

बर्लिनहून लिहिणाऱ्या ताई, आईंना दोन नंबर पलंगाशेजारी लिहून ठेवायला सांगा. 14567 ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन, सकाळी 8 ते रात्री 8, जवळच्या सोयींची माहिती तिथे मिळते. 14416 हे टेली-मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, चोवीस तास, मराठीतून. दुसरा नंबर आईंसाठीही आहे, बाबांपुरता नाही.

नागपूर, अमरावती, चंद्रपूरकडच्या लोकांनी लिहा, तिकडची माहिती अजून फारच कमी आली आहे. आणि मतिमंद किंवा स्वमग्न मुलांच्या वडिलांनीही लिहा. आतापर्यंत आया बोलल्या आहेत.