बँकॉक: एका दिवसात दर्शन न् फिरणं

परभणीकरीण: मी न् मैत्रीण चाललोत. पन्ना बुद्ध (पाचूचा म्हणतात ती मूर्ती), वाट अरुण (थाईत ‘वाट’ म्हणजे देऊळ), एरावनच्या देवस्थानातला ब्रह्मदेव एका दिवसात होईल का?

नांदेडकर: होईल की ताई. ग्रँड पॅलेस, म्हणजे राजवाडा, साडेआठला उघडतो, तेव्हाच शिरा. पन्ना बुद्ध त्याच आवारात. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. बसताना पाय मूर्तीकडं नकोत, देवळाच्या आत फोटो नाही. बाहेर कुणी ‘आज बंद आहे’ म्हणत टुकटुकमध्ये (तिथली रिक्षा) बसवू लागला तर ऐकू नका. तो थेट दागिन्यांच्या दुकानात नेतो.

लातूरची: पुढं वाट फो, 46 मीटरचा निजलेला बुद्ध. तिथून था तियन धक्क्यावर होडी, पलीकडं वाट अरुण. पायऱ्या लई उभ्या, साडी टाळा. भिक्षूंना बायकांनी स्पर्श करायचा नाही.

नांदेडकर: ब्रह्मदेव संध्याकाळी, चिट लोम स्टेशनजवळ. चारही तोंडांपुढं हात जोडा, प्रदक्षिणा आपल्यासारखीच.