साडेचार ते सात : गृहपाठ घ्यायचा की खेळू द्यायचं?

समाजमंदिरातली ताई (इचलकरंजी)

नमस्कार. आमच्या गल्लीच्या समाजमंदिरात गेल्या जूनपासून मी लहान मुलांना संध्याकाळी सांभाळते. बहुतेक पहिली-दुसरीतली, चारपाच अंगणवाडीतली. पटावर २६, रोज २० च्या आसपास येतात. यांच्या आया कापडाच्या कारखान्यांत कांड्या (सूत गुंडाळायच्या नळ्या) भरायला, मेंडिंगला (कापडातले दोष काढायला) नाहीतर कापडाच्या घडीला जातात आणि साडेसहाला सुटतात. वडील यंत्रमागावर, आठ ते आठ. शाळा सुटल्यापासून आई येईपर्यंत पोरं रस्त्यावरच असायची. एका मुलाला सुताच्या टेम्पोचा धक्का लागला, हात मोडला, तेव्हा गल्लीतल्या आम्ही बायकांनी मिळून हे सुरू केलं. बारावीच्या दोन मुली आठवड्यातून तीन-तीन दिवस मदतीला येतात.

महिन्याला पन्नास रुपये घेतो. पालक म्हणतात, "ताई, गृहपाठ करून घ्या, नुसतं खेळायचं तर ते गल्लीत खेळतच होतं." म्हणून मी पावणेपाचलाच सगळ्यांना वह्या काढायला लावते. गेल्या गुरुवारी दुसरीतली एक मुलगी बाराखडी लिहीत होती. 'के' ची मात्रा काढली आणि पेन्सिल मुठीत तशीच धरून वहीवर डोकं टेकून झोपली. शेजारच्या मुलाने अर्धं खोडरबर चावून टाकलं होतं. भूक लागली का विचारलं, तर म्हणाला, "शाळेत खिचडी खाल्ली की." ती दुपारची. मला त्या दोघांकडे बघून फार वाईट वाटलं. पण वही कोरी घरी गेली की दुसऱ्या दिवशी आई दारात उभी असते.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. पंधरा दिवसांपूर्वी मी नळावर होते तेवढ्यात एका मुलीला तिचा चुलता येऊन घेऊन गेला. मदतीच्या मुलीने पाठवलं, कारण पोरगी "काका" म्हणून पळत गेली. आई पावणेसातला आली, मुलगी नाही. चुलत्याचा फोन लागेना. वीस मिनिटांनी कळलं, तो तिला आजीकडे घेऊन गेला होता. त्या वीस मिनिटांत त्या आईचा चेहरा जसा झाला होता तो माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. असं परत होऊ नये म्हणून तुम्ही काय करता? ज्यांनी असे वर्ग चालवलेत त्यांनी सांगा.

जुनी अंगणवाडीवाली (डहाणू)

ताई, आधी खाऊ. बाकी सगळं त्यानंतर. दुपारी जेवलेलं सहा वर्षांचं मूल पाच वाजता रिकामं झालेलं असतं, त्याच्याकडून मात्रा-वेलांट्या कशा निघतील? आमच्या भागात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला नेलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तर त्यांनी कुरणातच शाळा भरवली. मूल जिथे आणि ज्या अवस्थेत आहे तिथून सुरुवात, हे मी तिथल्या बायकांकडून शिकले. तुमची मुलं साडेचारला दमलेली, भुकेली आणि आईची वाट बघणारी आहेत. तिथून सुरू करा.

शेंगदाण्याचं कूट आणि गूळ यांचे लाडू वळा, एकेक पुरतो. केळं द्या, चिरमुऱ्यात कांदा-टोमॅटो घालून द्या. एक मात्र सांभाळा : पाच वर्षांच्या आतल्यांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नका. पळता पळता घशात नाहीतर श्वासनळीत अडकतात. खाऊ बसूनच खायचा, हा नियम मोठ्यांनाही लावा. नंतर अर्धा तास अंगणात सोडा. झोप आली तर झोपू द्या, एका कोपऱ्यात सतरंजी कायम घातलेली असू दे.

आणि एकट्या मदतनीस मुलीवर वर्ग सोडून नळावरसुद्धा जायचं नाही. दोन मोठी माणसं नसतील त्या दिवशी बायकांपैकी कुणाला तरी बसवा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा आणि मुलांना पाठ करून घ्या.

शाळामास्तर (सांगोला)

गृहपाठाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. तो पूर्ण बंद करू नका, पालकांचा विश्वास जाईल आणि मुलं यायची थांबतील. पण वेळ बदला. सहा ते सव्वासहा, पंधरा मिनिटं, त्यापेक्षा जास्त नाही. पहिलीच्या मुलाचं त्यात होतं. होणार नसेल तर गृहपाठ जास्त आहे. अशा वेळी वर्गशिक्षकांना जाऊन भेटा. मी स्वतः शिक्षक आहे म्हणून सांगतो, कुणी येऊन "एवढं लिहून पोर झोपतं" असं नीट सांगितलं तर बहुतेक जण कमी करतात. आम्हाला संध्याकाळ दिसतच नाही. त्यात चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवायच्या नाहीत असं २०२४-२५ पासून ठरलं, त्यामुळे सकाळी भरणाऱ्या शाळांची पोरं आता उशिरा सुटतात. त्यांची संध्याकाळ आणखी आखूड झालीय.

इचलकरंजीत यूपी-बिहारकडची मुलं असतील, सीमेपलीकडची कानडी बोलणारीही असतील. त्यांना वहीपेक्षा गोष्टीचा उपयोग जास्त. रोज एक गोष्ट मोठ्याने वाचा, चित्रं दाखवत. तीच गोष्ट तीन दिवस वाचली तरी चालते, उलट तिसऱ्या दिवशी ती मुलंच पुढचं वाक्य बोलतात. माझ्या वर्गातलं एक बिहारी मूल असंच मराठी शिकलं.

कांडीवाली आई (विटा)

मी शिकवणारी नाही, माझी दोन मुलं अशा वर्गाला जायची, म्हणून लिहिते. ताई, आम्ही गृहपाठ का मागतो ते सांगते. मला वाचता येतं थोडं, पण घरी येऊन चूल, पाणी, भाकरी होईस्तोवर नऊ वाजतात. वही अपुरी असली की शाळेत पोराला उभं करतात आणि ते घरी येऊन बोलत नाही. आम्हाला अक्षराची घाई नाही, पोराचा अपमान नको असतो. तुम्ही एकदा आयांना बोलवून हे सगळं नीट सांगा. रविवारी बोलवा, पगाराच्या दिवशी नको.

फोनचं म्हणाल तर मागाच्या खडखडाटात फोन ऐकूच येत नाही. कुणी न्यायला आलं की आईला फोन करून विचारा, हे आमच्यात चालणार नाही. आमच्या इथल्या बाईंनी वेगळं केलं होतं. प्रत्येक घराला एक झिजलेली रिकामी कांडी दिली, तिला त्या घराच्या रंगाचं सूत गुंडाळलेलं. न्यायला येईल त्याने ती कांडी आणायची. काका असो, आजी असो, कांडी नाही तर पोर नाही. माझ्या सख्ख्या भावाला एकदा परत पाठवलं, तो चिडला, मी नाही चिडले. मी त्या बाईंच्या पाया पडले.

रिकाम्या कांड्या पोती भरून मिळतात, मोजायला पण द्या. माझी धाकटी दहा-दहाचे गठ्ठे बांधून शंभरापर्यंत त्यावरच शिकली.

समाजमंदिरातली ताई (इचलकरंजी)

तिघांनाही मनापासून नमस्कार. विट्याच्या ताई, तुमचं वाचताना डोळे भरून आले. वही अपुरी राहिली की मुलाला उभं राहावं लागतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

कांडीचं नक्की करते. सोबत वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे नेणाऱ्या दोघांची नावं लिहून ठेवते, म्हणजे कांडी हरवली किंवा भलत्याच्या हाती लागली तरी नाव जुळल्याशिवाय मूल जाणार नाही. २६ वेगळे रंग मिळणार नाहीत, म्हणून दोन रंगांचा पीळ देऊन बांधेन. सूत एका सायझिंगवाल्यांनी (सुताला खळ देणाऱ्यांनी) द्यायचं कबूल केलंय.

डहाणूच्या ताई, लाडवांचा हिशोब करून बघितला. शेंगदाणे-गूळ मिळून पन्नास रुपयांतून भागत नाही. गल्लीतल्या सहा घरांनी आळीपाळीने एकेक वार घ्यायचं ठरवलंय, शनिवार माझा. तुमच्याकडे एका किलो कुटाला गूळ किती घालता? माझे पहिले लाडू हातात धरले की फुटत होते.