मदत हवी आहे: स्विफ्टले शॉर्ट शिफ्टर बसवला, आता दुसरा अन् रिव्हर्स नीट पडून नाही राहिले

नमस्कार मंडळी. गाडी स्विफ्ट पेट्रोल, २०१४ चं मॉडेल, के सिरीज १.२, पाच गिअर. मी अंजनगाव सुर्जीच्या बाजूच्या खेड्यात राहतो, म्हणजे जवळचं गाव दर्यापूर नाहीतर परतवाडा, काम मोठं असलं की अमरावती, अन् शॉर्ट शिफ्टर (दांडा कमी सरकवून गिअर पडावा म्हणून लावतात ती किट) म्हणजे काय हे माहीत असलेला मिस्त्री मले या तिन्ही ठिकाणी भेटला नाही म्हणून इथं विचारून राहिलो.

काहून बसवला ते आधीच सांगतो, नाहीतर पहिला प्रतिसाद तोच येईल. माझं चिखलदऱ्याले नेहमी जाणं असते, परतवाड्याच्या पुढं घाट लागला की दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा एवढंच चालू राहते, अन् या गाडीचा दांडा लांब, दुसऱ्यात टाकला की हात पार मागं जाते. समृद्धीवर धामणगावहून चढलं की पाचवा टाकायचा अन् गिअर विसरून जायचं, तिथं याचा काही उपयोग नाही हे मलेही समजते. पण घाटात फरक पडेल असं वाटलं.

किट ऑनलाइन मागवली, कंपनीचं नाव घेत नाही. ही आतल्या दांड्याची किट नाही, बॉनेटच्या खाली गिअरबॉक्सवर जो छोटा आर्म असते, ज्याले पुढं-मागं करणारी केबल येऊन बसते, तो आर्म बदलायची आहे. डावं-उजवं करणाऱ्या केबलले हात लावायचा नाही असं चित्रात दाखवलं होतं. सोबत केबल धरायचा एक ब्रॅकेट आला, त्याले लांबट भोकं आहेत, अन् दोन नायलॉनचे बुश, एक लॉक. कागद म्हणजे फक्त चित्रं, लिहिलेलं काहीच नाही. जुन्या आर्मची पिन शाफ्टच्या मध्यापासून मोजली तर ६० मिमी, नव्या आर्मले दोन भोकं, एक ४८ वर अन् एक ४२ वर. आम्ही केबल ४२ वाल्या भोकात टाकली, बसवायचाच तर पूर्ण बसवू म्हणून.

बसवायचं काम गावातल्या ट्रॅक्टरवाल्या मिस्त्रीकडं केलं, माणूस हाताचा पक्का आहे. बॅटरी काढली, ट्रे काढला, केबलचं टोक पेचकसनं उचकटलं, आर्म बदलला, ब्रॅकेट कसला, झालं. गाडी खालून उचलायचीही गरज पडली नाही.

आता हाल असा की पहिला, तिसरा, पाचवा एकदम मस्त, खटकन पडतात. तिसऱ्यापासून चौथ्यापर्यंत नॉब आधी १४ सेंटीमीटर सरकत होता (बसवायच्या आधी पट्टीनं मोजून ठेवलं होतं), आता जेमतेम ९, म्हणजे सांगितल्यापेक्षाही जास्तच शॉर्ट झाला म्हणून मी लय खूश होतो. पण दुसरा टाकला की आत काहीतरी अडल्यासारखं वाटते, सकाळी थंडीत तर कर्र करते, रिव्हर्स एका दमात पडत नाही, अन् घाट उतरताना दुसरा आपोआप सुटून न्यूट्रल झाला, गाडी एकदम मोकळी पळाली, मागं सासरे बसले होते, त्यांनी तेव्हापासून माझ्या गाडीत बसणं बंद केलं आहे.

तर किट खराब आहे का आमचं बसवणं, अशीच चालवली तर गिअरबॉक्सले काही होईल का, अन् मुळात हे ठेवण्यासारखं आहे का जुना आर्म परत टाकू (जपून ठेवला आहे), कारण माझा भाऊ म्हणते की गिअर शॉर्ट नाही झाला, नुसता कडक झाला. तिकडं मिस्त्री म्हणते किट काढून टाक, आतला दांडाच वरून कापून वेल्डिंग करून देतो, फुकटात शॉर्ट. ते करावं का?

प्रतिसाद (परतवाडेकर):

भाऊ, सासऱ्याले बसवून ट्रायल घेतं काय तू 😄 पहिले एक काम कर, इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाय. बंद गाडीत सगळे गिअर बरोबर पडले अन् चालू केल्यावरच रिव्हर्स कर्र करत असन तर तुया क्लच पूर्ण सुटून नाही राह्यला, मंग त्याच्यात किटचा काही दोष नाही. बंद गाडीतही अडलं तर मंग पुढचं बोलू.

धागाकर्ता:

आत्ताच पाहिलं. बंद गाडीतही दुसरा अन् रिव्हर्स तसेच अडतात. अन् एक नवीन दिसलं, चौथ्यात टाकल्यावर दांडा मागच्या कन्सोलच्या प्लास्टिकले टेकून राहिला. पुढं तिसऱ्यात मात्र दांड्यासमोर बोटभर जागा मोकळी आहे.

प्रतिसाद (जुना मिस्त्री):

मग उत्तर तुम्हीच दिलंत. तुमच्या गाडीत एक-तीन-पाच पुढे पडतात आणि दोन-चार-रिव्हर्स मागे. पुढचे तिन्ही चांगले आणि मागचे तिन्ही वाईट, म्हणजे गिअरबॉक्सही ठीक आणि किटही ठीक, तुमचं न्यूट्रलच मागे सरकलंय. मागे जायला दांड्याला जागाच उरली नाही, तो प्लास्टिकला टेकतो आणि गिअर अर्धाच आत जातो.

आता तुमचाच हिशोब बघा. आर्म म्हणजे सब्बलच समजा, जिथून ढकलता ती जागा टेकूच्या जितकी जवळ तितकं कमी सरकवून काम होतं पण जोर जास्त लागतो. ६० चा ४२ केला म्हणजे हालचाल सत्तर टक्के राहिली, १४ चे सत्तर टक्के ९.८. तुम्हाला मिळाले ९. किट यापेक्षा जास्त शॉर्ट करूच शकत नाही, मग ते आठ मिलिमीटर गेले कुठे? ते चौथ्याच्या आत जायचे राहिलेत. ज्याच्यावर खूश झालात तोच बिघाड आहे.

करायचं असं. बॅटरी परत काढा, केबलचं टोक आर्मवरून सोडवा आणि गिअरबॉक्सवरचा आर्म नुसत्या हाताने पुढे-मागे करा. दोन्हीकडे ठक्क आवाज येऊन शेवटपर्यंत जायला हवा. तसा गेला तर आत काही बिघडलेलं नाही म्हणून निर्धास्त व्हा. मग आर्म न्यूट्रलला ठेवा, आत एकाला बसवून दांडा कन्सोलच्या खाचेच्या बरोबर मधोमध धरायला सांगा, आणि केबलचं टोक आपोआप पिनेवर येईल असा तो ब्रॅकेट लांबट भोकांत सरकवा. लांबट भोकं त्यासाठीच दिलीत, शोभेला नाही. ओढून-ताणून टोक बसवायचं नाही. बोल्ट कसल्यावर न्यूट्रल ते तिसरा आणि न्यूट्रल ते चौथा अशी दोन मापं घ्या, सारखी आली पाहिजेत. शेवटी नॉबखालचं रबराचं बूट वर उचलून बघा, कधीकधी तेच दाबलं जाऊन दांड्याला मागे जाऊ देत नाही.

आणि हे होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नका. अर्धवट पडलेल्या गिअरमध्ये स्लीव्हचे (सरकून गिअरला पकडणाऱ्या कड्याचे) दात गिअरच्या दातांना फक्त टोकावर धरतात, ओढ उलटी झाली की सुटतात, उतारावर तुमचं तेच झालं. असे बरेच दिवस चाललं की दातांची टोकं गोल होतात आणि मग केबल कितीही बरोबर लावा, गिअर सुटतच राहतो. तेव्हा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो.

दांडा कापून वेल्डिंग? अजिबात नको. वरून कापला तरी हालचाल कमी होते हे खरं, पण नॉब खाली जातो, हात वाकवून गिअर टाकावा लागतो, आणि वेल्डिंगची जागा घाटात मोडली तर हातात नॉब उरेल. जुना आर्म आहे तसा परत टाकता येतो, कापलेला दांडा येत नाही.

प्रतिसाद (पुण्यातला वऱ्हाडी):

केबलचं वर सांगितलं ते बरोबरच आहे, मी फक्त थंडीतल्या कर्र बद्दल लिहितो. गिअर ऑइल शेवटचं कधी बदललं? गाडी दहा वर्षांच्या पुढची आहे, आणि आपल्याकडे इंजिन ऑइल सगळे बदलतात, गिअरबॉक्सचं कोणी विचारतही नाही. थंड ऑइल घट्ट असतं, सिंक्रोच्या (गिअर पडण्याआधी वेग जुळवणाऱ्या भागाच्या) पितळी रिंगला गिअरचा वेग जुळवायला वेळ लागतो. ग्रेड गाडीच्या पुस्तकात असेल तोच घ्या, आणि दुकानदाराने जीएल-४ च्या जागी जीएल-५ (हे गिअर ऑइलचे प्रकार) पुढे केलं तर आधी पुस्तक बघा. जीएल-५ मध्ये गंधकाचे अ‍ॅडिटिव्ह जास्त असतात, पितळी रिंगांना ते मानवतीलच असं नाही आणि घर्षण कमी झालं की सिंक्रो आणखीच कुरकुरतो.

दुसरं म्हणजे शॉर्ट शिफ्टरने सिंक्रोचं काम कमी होत नाही हे लक्षात ठेवा. रिंगला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागणारच, उलट हाताचा तोच जोर आता आत कमी पोचतो. त्यामुळे खालचा गिअर टाकताना घाई केली की तो दारात अडल्यासारखा वाटतो. न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबा, उतरत्या गिअरला थोडी रेस द्या.

धागाकर्ता:

सगळ्यांचे आभार, उद्या करून पाहतो. पण ठेवायचं का काढायचं हे कसं ठरवू? नवीन वस्तू लावली की चांगलीच वाटते, अन् भावाले दुसऱ्याचं काहीच चांगलं वाटत नाही, दोघांपैकी कोणाचं खरं मानू?

प्रतिसाद (जुना मिस्त्री):

दोघांचंही नको, काट्याचं माना. नॉबला दोरी बांधून वजनकाट्याने हळूहळू ओढा आणि गिअर पडताना आकडा बघा. गाडी बंद, क्लच दाबलेला. दात समोरासमोर आले तर आकडा उगाच वाढतो, म्हणून चार-सहा वेळा ओढून मधला धरा. ४२ च्या भोकात मूळच्या सुमारे १.४३ पट जोर लागणार, ४८ च्या भोकात सव्वापट. भाऊ खोटं बोलत नाही, कडक होणारच, तो हालचाल कमी करण्याचा मोबदला आहे. प्रश्न एवढाच की तुम्हाला किती कडक चालतं.

माझं मत विचाराल तर केबल सरळ करून ४८ वर टाका. गाडीत बायको किंवा वडील चालवणारे असतील तर ४२ त्यांना त्रासाचं होतं, आणि ट्रॅफिकमध्ये तुम्हालाही. एक गोष्ट चांगली की डाव्या-उजव्या केबलला किटने हात लावला नाही, तीही छोटी केली असती तर तिसऱ्याऐवजी पाचवा आणि पाचव्यातून चौथ्याऐवजी दुसरा पडायची भीती होती, आणि वेगात पाचव्यातून दुसरा पडला तर इंजिनचे व्हॉल्व्ह जातात.

प्रतिसाद (परतवाडेकर):

अन् काटा म्हंजे कापूस मोजाचा घेऊ नको भाऊ, तो शंभर किलोचा, त्याच्यात तीन-चार किलो दिसतच नाही. बॅग मोजाचा डिजिटल काटा भेटते, तो आण.

धागाकर्ता:

झालं काम. केबल सोडवून आर्म हातानं हलवला, दोन्हीकडं ठक्क करून शेवटपर्यंत गेला, जीवात जीव आला. ब्रॅकेट चांगलाच सरकवावा लागला. बोल्ट कसल्यावर न्यूट्रलपासून तिसरा अन् चौथा, दोन्हीकडं पाचच्या जरासे आत, म्हणजे एकूण तो ९.८ वाला हिशोब तंतोतंत जुळला. दुसरा आता पूर्ण आत जाते, रिव्हर्स एका दमात.

मग बॅगच्या काट्यानं मोजलं. ४२ वर साडेचार किलोच्या आसपास, ४८ वर टाकून मोजलं तर चारच्या थोडं खाली, अन् नॉब सव्वाअकरा सेंटीमीटर सरकते. दोन्ही चालवून पाहिले, ४८ वरच ठेवला. भाऊ अजूनही कडकच म्हणून राहिला पण चावी मागायले लागला आहे. ऑइल बदलायचं राहिलं, सकाळचं कर्र कमी झालं पण पूर्ण गेलं नाही, ते अमरावतीले गेलो की करतो.

आता शेवटचं, वजनदार नॉब लावला तर कडकपणा कमी वाटते म्हणतात, स्टीलचा एक पाहून ठेवला आहे. घेऊ का?

प्रतिसाद (जुना मिस्त्री):

वजनाने फरक पडतो, नॉब हलला की स्वतःच्या वजनाने पुढे जातो, अडण्याच्या जागेवर हाताला कमी जाणवतं. पण काट्यावरचा आकडा तोच राहील. घेताना दांड्याचे आटे जुळतात का बघा, आतला बुश मारून बसवलेला नॉब नंतर गरगर फिरतो.

प्रतिसाद (परतवाडेकर):

उघड्या स्टीलचा तर मुळीच घेऊ नको बे. मे महिन्यात दर्यापूरच्या बसस्टँडसमोर गाडी दोन तास उन्हात लावजो अन् मंग पहिला टाकून दाखवजो. चामड्याचं कव्हर असलेला पाय, नाहीतर जुनाच बरा.